कुंपणाबाहेरची जागा

बायडीचा एक डोळा विळ्यावर होता आणि दुसरा लेकावर, त्यामुळे व्हायचं तेच झालं. डाव्या हाताचं बोट कापलं. तिनं ते तोंडात धरून चोखलं, लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून गुंडाळली आणि पुन्हा मान वर करून बघितलं. देवू होता. रांगेच्या पार टोकाला वाकून गवत कापत होता.

"म्हातारे, गवत खाली हाय," मुकादम भगवंत बांधावरून म्हणाला. "वर काय बघतीस? आभाळ कापायचं हाय का?"

बाया हसल्या. बायडीही हसल्यासारखं करून वाकली, पण चार मुठी कापल्या की तिची मान आपोआप वर जायची. मजुरी भाऱ्यावर होती आणि तिचा भारा पोरीसोरींच्या भाऱ्याहून लहान व्हायला लागला होता. संध्याकाळी भगवंत तो पायानं ढकलून सगळ्यांना दाखवायचा आणि विचारायचा, हा भारा हाय का उंदराचं घरटं? एरवी बायडीनं त्याला त्याच्या आजीपासून सुरुवात करून सुनावलं असतं. हल्ली ती गप बसायची.

दिवाळीच्या आगेमागे बेटेगावच्या माळावरचं गवत पिवळं पडलं की वखारवाल्यांचे मुकादम पाड्यापाड्यावर फिरतात आणि दारात चिटपाखरू राहत नाही. कापायचं, वाळवायचं, भारे बांधायचे. बोईसरच्या वखारीत दाबून त्याच्या गाठी होतात आणि मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी त्या खातात. इथल्या माणसांच्या वाट्याला कुसळं येतात. ती लुगड्यातून आत शिरतात, काखेत बसतात, आणि रात्री झोपेतही माणूस खाजवत असतो. खालच्या रस्त्यानं दिवसभर ट्रक जात. तारापूरकडे समुद्राच्या कडेला विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता, त्याची खडी नेणारे. त्यांच्या धुरळ्यानं अर्धा माळ लाल झाला होता.

देवू बिघडला कधी, हे पाड्यावर कुणाला सांगता आलं नसतं. माणूस बिघडला म्हणजे दारू पितो, भांडतो. देवू तसलं काही करत नव्हता. उलट शहाण्यासारखा वागायला लागला होता, आणि बायडीला धसका बसला तो त्या शहाणपणाचाच. त्यानं आपलं मासे धरायचं जाळं चुलतभावाला, चिंधूला देऊन टाकलं. कोंबड्या शेजारणीला दिल्या. मग कुणी न सांगता छपरावर चढला, आईच्या बाजूचं सगळं गवत बदललं आणि खाली उतरून म्हणाला, "आये, आता तुजं छप्पर लय दिवस गळाचं नाय."

"नि तुज्या बाजूचं?"

"माजं काय," तो म्हणाला आणि हसला.

त्याची बायको जिवली गेल्या पावसात गेली. तिला दोन पोरं झाली आणि दोन्ही राहिली नाहीत. दुसरं गेल्यावर तिचं बोलणंच थांबलं. चुलीवर भात करपायचा आणि ती शेजारी बसून बघत असायची. बायडीनं सासूच्या धर्माला जागून तिला सांगितलं होतं की रडून पोर माघारी येत नाय, चूल बघ. जिवलीनं चूल बघितली. एक दिवस ती मिशनच्या देवळात जाऊन फादरकडे कुमसार, म्हणजे पापांची कबुली, करून आली. फादरनं तिला काय सांगितलं ते तिनं घरी सांगितलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी ती विहिरीत सापडली.

पुंजाराम मास्तर पाड्यावरच्या पोरांना प्रार्थना शिकवायचा. जुना, मुरलेला माणूस. त्यानं सगळ्यांना आधीच बजावलं की पाय घसरला म्हणायचं, बाकी तोंड उघडायचं नाही. सगळ्यांनी तसंच सांगितलं. पण फादर रुमावनी बायडीला विचारलं, तेव्हा तिनं होतं ते सांगून टाकलं. गळ्यातला क्रूस जिवलीनं काढून उशाखाली ठेवला होता. फादरपुढं खोटं कसं बोलायचं? फादरचा चेहरा पडला. जिनं जाताना देवालाच उतरवून ठेवलं तिचं काय राहिलं, असं ते हळूच म्हणाले, आणि जिवलीला देवळामागच्या जागेत माती मिळाली नाही. घंटा वाजली नाही. निवडुंगाच्या कुंपणाबाहेर, उताराच्या बाजूला देवू आणि चिंधूनं खड्डा खणला. त्या रविवारी फादरनी देवळातल्या उपासनेत, मिस्सेत, सांगितलं की जीव देवानं दिला, तो आपल्या हातानं टाकणाऱ्याची जागा कुंपणाबाहेर. मिस्सा नुकतीच मराठीत व्हायला लागली होती. प्रवचनही जुन्या मिस्सेसारखं लॅटिनमध्ये असतं तर निदान कळलं नसतं.

दुपारी बायांनी नागलीच्या भाकरी सोडल्या. बायडीनं पाठ टेकली आणि उन्हानं तिचा डोळा लागला. उघडला तेव्हा देवू नव्हता. त्याची भाकर फडक्यात तशीच होती.

तिचे पाय आधी विहिरीकडेच धावले. कापलेल्या गवताचे खुंट तळव्यात रुतत होते. विहिरीशी पोचून ती कठड्यावर ओणवी झाली. पाणी शांत होतं, वर दोन पानं तरंगत होती. बायडीच्या तोंडून देवाचं नाव निघालं, जुन्या का नव्या ते तिचं तिलाही कळलं नाही. मग गुरं राखणाऱ्या राहीबाईनं हात करून सांगितलं, तुजा देवू देवळाकडं गेला.

तो कुंपणाबाहेर होता. जिवलीच्या मातीवर धोंडे रचलेले होते, त्यांच्या भोवतीचं गवत त्यानं बुडापासून कापून काढलं होतं. तेवढंच असतं तर बायडी त्याच्याशेजारी बसून रडली असती. पण जिवलीच्या उजव्या अंगाला, अगदी लागून, माणूसभर लांबीची आणखी एक जागा त्यानं साफ केली होती. खडे वेचून बाजूला टाकले होते. अंथरूण टाकावं तशी जागा.

"इथं काय करतोस?"

"तिच्या अंगावर गवत वाढलं व्हतं."

"नि हे? हे कुणाच्या अंगावरचं?"

देवूनं विळ्याचं पातं अंगठ्यानं पुसलं. "माजी जागा," तो म्हणाला. आवाज साधा, बैलाची जागा दाखवावी तसा.

"तुला आत पुरतील रं. तुजा बापूस आत हाय. तुजी पोरं आत हाईत."

"म्हणून तं, आये. साधा मेलो तं मला आत नेतील. मंग ही भायेर एकलीच. फादरनं सांगलं नाय का, आपल्या हातानं जाल त्यालाच भायेर. मंग दुसरी वाट कुठं हाय?"

देवू तिच्याकडे बघून म्हणाला, जशी काही तिचीच समजूत घालायची आहे, "अंधाराला भ्यायची ती. रातची अंगणात जायची तरी मला उठवायची. तुला ठावं हाय."

बायडीला ठाऊक होतं. त्यावरून तिनं सुनेची थट्टाही केली होती. तिनं हात पुढं केला आणि विळा मागितला. त्यानं दिला. मग त्याच्या मनगटाला धरून ती त्याला पाड्यावर घेऊन आली. दाढीमिशा आलेला गडी आईच्या हाताला धरून चाललेला बघून राहीबाईनं तोंडाला पदर लावला. बायडीनं सोडलं नाही.

त्याला चिंधूच्या ओट्यावर बसवलं, चिंधूला म्हणाली, याला दोर वळाय लाव नि मुताय गेला तरी मागं जा. तशीच परतून ती देवळाकडे निघाली. अंगावर कुसळं, पायाला रक्त.

फादर रुमाव वसईकडचे. दवाखान्याच्या खोलीत बसून मलमाच्या डब्या भरत होते. मिशनमध्ये नर्स यायची ती आठवड्यातून एकदा, बाकी दिवस खरूज, गळवं आणि आत्मे तिन्ही फादरच बघायचे. माणूस कष्टाळू. रागीट होता, पण राग आला की उपाशी राहायचा, दुसऱ्याला मारायचा नाही.

"बायडी, बस. पायाला काय झालं?"

"पाय ऱ्हाऊ दे," बायडी म्हणाली. पाड्यावर देवाला तू आणि फादरलाही तूच. "माजा देवू मरायला बसलाय. तू त्याला वाट दाखीवलीस."

फादरच्या हातातली डबी खाली ठेवली गेली. बायडीनं उभ्यानं सगळं सांगितलं. जाळं, कोंबड्या, छप्पर, साफ केलेली जागा. जागेचं ऐकताना फादर उठून खिडकीशी गेले. तिथून कुंपण दिसत होतं.

"मी ते भीती बसावी म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "कुणाच्या मनात आलंच तर कुंपण आठवावं, पाय मागं यावा. माझ्या गुरूंनी हेच केलं. त्यांच्या गुरूंनीही."

"भय ज्याला आत जायचं त्याला. याची बाईल भायेर हाय."

"पण बायडी, तिनं क्रूस काढून ठेवला होता. तूच सांगितलंस."

"काढून ठेवायचीच ती. पाण्यावर जाताना सदाच काढायची. न्हायाला गेली तरी, धुवाय गेली तरी. देव भिजल म्हणायची."

फादर वळले. "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू कुठं विचारलंस? क्रूस कुठं व्हता म्हणालास, मी सांगलं उशाखाली. मंग तुजं तोंड असं झालं की मी गप बसली."

बाहेर पोरं पुंजाराममागून प्रार्थना म्हणत होती आणि शेवटची ओळ दरवेळी खाऊन टाकत होती.

"म्हणजे ती घसरली असेल," फादर म्हणाले. आवाजात आशा होती, आणि त्या आशेची बायडीला चीड आली.

"घसरली का गेली ते मला नाय ठावं. तिच्या मनात नव्हतं असं मी नाय म्हणाची. मी तिला धड रडू दिलं नाय. तुज्याकडं आली व्हती ना? तू काय सांगलंस?"

कुमसारात ऐकलेलं फादर कुणाला सांगत नाहीत, फासावर चढवलं तरी नाही. त्यांनी सांगितलं नाही. पण खुर्चीवर बसले ते खाली मान घालूनच, आणि त्यांचे कान लाल झालेले बायडीनं बघितले. तिला जे कळायचं ते कळलं.

"शंका असली तर माणसाला आत घ्यावं," ते म्हणाले. "निदान बिशपना विचारावं. नियमातच आहे तसं. मी पुस्तकातला कडक भाग वाचला आणि पुढचं वाचायचा थांबलो."

"आता काय करतोस?"

"आता तो जिवंत आहे," फादर म्हणाले. "आधी त्याचं बघू. तू एकटीनं राखायचं नाही आजपासून."

दुसऱ्या दिवशी ते माळावर आले. पांढरा झगा वर खोचून देवूच्या शेजारी विळा घेऊन बसले आणि इतकं वाईट गवत कापलं की भगवंतानं हा भारा कुणाचा म्हणून विचारलंच नाही. सकाळभर ते स्वर्गाबद्दल बोलले. देवू ऐकत होता. फादर थांबले की तो हुंकार द्यायचा, मोठ्या माणसाला द्यावा तसा. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"तिथं जिवली असल का?"

फादरनी तोंड उघडलं. हो म्हणायला त्यांची जीभ वळेना आणि नाही म्हणायला मन होईना. "देवाच्या दयेला कुंपण नाही," ते म्हणाले.

"तुमी घातलंय," देवू म्हणाला. पाड्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी फादरला तुमी म्हटलं, आणि ते शिवीपेक्षा वाईट लागलं.

तरी फादरनी हात टेकले नाहीत. मोटरसायकलवर मागं बसवून त्याला पालघरला डॉक्टरकडे नेलं. मनालाही आजार होतो, तो पाप नव्हे, असं डॉक्टरनं सांगितलेलं त्यांनी परत येऊन बायडीला सांगितलं, आणि सांगताना स्वतःलाही ऐकवल्यासारखं दोनदा सांगितलं. गोळ्या दिल्या. रात्री चिंधू देवूच्या ओसरीत झोपायला लागला, सकाळी पुंजाराम काही ना काही काम काढून यायचा, मधल्या वेळात बायडी. गोळ्यांनी देवूला झोप येऊ लागली. पण जागा झाला की त्याचे डोळे उताराकडे जायचे. माणूस किती दिवस राखायचा? बकरी असती तर खुंटाला बांधली असती.

मग मेलेल्यांचा दिवस आला. दर साली त्या दिवशी फादर मिस्सा करून देवळामागं जातात, एकेका मातीवर पाणी शिंपडतात, नाव घेतात. गवताचं काम सोडून सगळे आले होते, भगवंत शिव्या देत बसला असेल. घरोघरच्या झेंडूच्या माळा, मेणबत्त्या. वारा असा सुटला होता की एकही मेणबत्ती धड जळेना. बायडीनं देवूला आपल्या पुढं चालवलं होतं.

फादर शेवटच्या मातीपाशी आले आणि निवडुंगासमोर उभे राहिले. तिकडून बाहेर जायला वाट नव्हती. त्यांनी पुंजारामकडे बघितलं. पुंजारामला हे आधी सांगितलेलं असावं, कारण त्यानं काखेतला कोयता काढला आणि कुंपण तोडायला सुरुवात केली. निवडुंगाचा चीक त्याच्या हातावर उडत होता. लोक बघत राहिले. फादर फटीतून वाकून बाहेर पडले, झगा काट्यात अडकला, फाटला. ते जिवलीच्या धोंड्यांपाशी गेले, पाणी शिंपडलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मारिया जिवली." मग पाड्याकडे वळून म्हणाले, "मी चुकलो. हिला माती देताना मी यायला पाहिजे होतं. आणि त्याआधी, ती जिवंत असताना, मी तिचं ऐकायला पाहिजे होतं. तुमच्यातल्या कुणाला जगणं नको झालं तर माझ्याकडे या. मी पाप म्हणणार नाही. शेजारी बसेन."

बाया रडायला लागल्या. बायडीच्याही डोळ्यांतून पाणी आलं, सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात देवू वळला. त्याचा चेहरा उजळला होता, आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असं तिला म्हणाला, "आये, आता काय भय नाय. फादर भायेर बी पाणी घालतो. मला बी घालल."

एवढं कुंपण तोडलं, एवढा मोठा माणूस चुकलो म्हणाला, आणि लेक होता तिथंच. उलट दार सताड उघडं झालं. तिनं फादरकडे बघितलं. फादरनंही ऐकलं होतं.

बायडी कुंपणाच्या फटीतून बाहेर आली. देवूनं साफ केलेल्या जागेपाशी जाऊन तिनं लुगडं सावरलं आणि त्या जागेत बसली, पाय लांब करून. मापात बसली.

"ही जागा माजी," ती म्हणाली.

"आये, ऊठ," तिच्यामागोमाग फटीतून बाहेर आलेला देवू म्हणाला.

"का उठू? मी म्हातारी. मी आदी जानार. तिला तोंडभर बोलली ती मी, तं तिच्याजवळ निजायचं बी मीच. रातची भ्याली तं मला उठवल." तिनं मान वळवली. "फादर, मी साधी मेली, खोकून, तापानं, कशानं बी, तं मला इथं पुरशील का? भायेर? घंटा वाजवून?"

नवरा, नातवंडं आत असलेल्या बाईला बाहेर पुरायचं म्हणजे काय, हे फादरना कळत होतं. मग कुंपणाला अर्थ राहत नव्हता. गुरूंचा आणि त्यांच्या गुरूंचा धाक त्या उतारावरून घरंगळत जाणार होता.

"पुरीन," फादर म्हणाले. "घंटा वाजवून. सगळ्या विधींसकट."

"नि माती कोण दील मला?" बायडीनं लेकाला विचारलं. "लेक एकच हाय. त्यानं दिली नाय तं कोण दील? चिंधू? त्याला खड्डा धड खणता येत नाय, जिवलीचा बी अर्ध्याच्या वर तूच खणलास."

चिंधूनं मान खाली घातली. ते खरं होतं.

देवू उभा होता. त्याच्या तोंडावरचा तो उजेड गेला आणि जागी जुनं दुःख आलं, ओबडधोबड, ओळखीचं. गेल्या पावसापासून बायडीनं ते बघितलं नव्हतं.

"मंग मी कुठं?"

"तू तिच्या त्या अंगाला. माज्यामागून."

"तिकडं कातळ हाय," देवू म्हणाला. रडत होता, तरी म्हणाला. "मी बघलंय. हातभर खाली नुस्ता काळा कातळ."

"मंग फोड," बायडी म्हणाली. "रोज थोडा थोडा फोड. म्हातारा होशील तवर फुटल."

देवू मटकन खाली बसला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून गुरासारखा ओरडून रडला. बायडीनं त्याला रडू दिलं. फादर रुमाव फाटका झगा गोळा करून शेजारी गवताच्या खुंटांवर बसले, आणि त्याचं रडणं संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.